बोलकी पेटी मुकी होते तेव्हा

२०२५ सालच्या एप्रिल महिन्याची १२ तारीख. शनिवार होता, हनुमान जयंती होती, आणि महिन्यातला दुसरा शनिवार असल्यामुळे बँका बंद होत्या. दुसऱ्या दिवशी रविवार, तिसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती. म्हणजे बँकेचा दरवाजा एकदम मंगळवारी उघडणार. सारी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाच्या डोक्यात अशा जोडून आलेल्या सुट्ट्यांचे गणित आपोआप चालू असते. निवृत्तीनंतरही ती खोड जात नाही. तरीही त्या सकाळी मी घरातून निघालो तो खिशात एकही नोट न घेता. मोबाईल होता ना!

भिवंडीत धामणकर नाक्याच्या बाजूला आमचे नेहमीचे औषधाचे दुकान आहे. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि पत्नीचे इन्सुलिन, हा महिन्याचा ठरलेला माल. बिल झाले ११४० रुपये. मी सवयीने काउंटरवरच्या त्या ठिपक्याठिपक्यांच्या चौकोनावर मोबाईल धरला, आकडा टाकला, गुप्त अंक दाबले. पडद्यावर चक्र फिरू लागले आणि फिरतच राहिले. काउंटरवरची ती लहानशी बोलकी पेटी एरवी साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात पैसे मिळाल्याचे जाहीर करते. ती गप्प. दोनेक मिनिटांनी माझ्या बँकेचा संदेश आला : खात्यातून ११४० रुपये वजा झाले. पेटी तरीही गप्पच.

"माझे गेले," मी म्हणालो.

"माझ्याकडे आले नाहीत, काका," दुकानदार म्हणाला.

दोघेही खरे बोलत होतो. मी कार्डाच्या यंत्राची चौकशी केली. "ते केव्हाच परत केलं. दर महिन्याला भाडं कोण भरणार? सगळे मोबाईलच पुढे करतात," असे उत्तर मिळाले. आणि लगेच पिशवी माझ्याकडे सरकवत तो म्हणाला, "न्या तुम्ही औषध. तुमचे पैसे कुठे पळून जाताहेत?"

या मुलाच्या वडिलांनी दुकान काढले तेव्हा त्यांच्या कर्जाच्या कागदांवर मंजुरीची सही माझी होती. मी पिशवी उचलली आणि वळलो. माझ्या मागे एक तरुण उभा होता. केसांत सुताचे पांढरे तंतू, म्हणजे थेट यंत्रमागावरून आलेला. हातात डॉक्टरांची चिठ्ठी. काउंटरवर त्याच्यासाठी लहान मुलांच्या तापाच्या औषधाची बाटली आणि क्षार-साखरेच्या पुड्या काढून ठेवलेल्या. शंभर रुपयांच्या आतला मामला.

"भैया, पैसा कट गया," तो मोबाईल दाखवत म्हणाला.

"मेरे पास आया नहीं. पेटी बोली क्या? थोड़ी देर में आ जाओ," असे म्हणत दुकानदाराने बाटली उचलून आतल्या बाजूला ठेवली. रागाने नाही, अपमान करायचा म्हणूनही नाही. नुसती उचलून ठेवली.

मी पायरी उतरून घरी आलो. पंखा लावला, हातपाय धुतले, जेवायला बसलो. पहिल्या घासाला मला तो मुलगा आठवला.

* * *

त्या दिवशी नेमके काय बिघडले होते, ते पुढे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सांगितले. सबंध देशाची यूपीआय यंत्रणा चालवणारी हीच संस्था. काही बँकांच्या संगणकांनी अडकलेल्या व्यवहारांची स्थिती विचारणाऱ्या पृच्छा पुन्हापुन्हा पाठवल्या, आणि त्या पृच्छांच्या ओझ्याने मुख्य यंत्रणाच मंदावली. बँकेच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. रोखपालासमोर पन्नास माणसे उभी आहेत आणि प्रत्येक जण दर अर्ध्या मिनिटाला "झालं का?" म्हणून विचारतो आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. उत्तरे देता देता बिचाऱ्याला नोटा मोजायला वेळच उरत नाही. यंत्राचे नेमके तसेच झाले. २६ मार्च आणि १ एप्रिललाही लोकांना असाच त्रास झाला होता. अडीच आठवड्यांतली ही तिसरी खेप.

आदल्याच दिवशी या व्यवस्थेला नऊ वर्षे पूर्ण झाली होती. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयचा प्रायोगिक प्रारंभ झाला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांची संख्या २००० कोटींच्या वर गेली. म्हणजे रोजचे सुमारे ६५ कोटी. जगात इतक्या माणसांनी इतक्या थोड्या काळात पैसे देण्याची रीत बदलल्याची उदाहरणे फार नाहीत. मी या यंत्रणेचा निंदक नाही. यंत्रमाग कामगार पूर्वी मनीऑर्डरसाठी पोस्टाच्या खिडकीपाशी अर्धा दिवस उभा असे. आज तो चहा पिता पिता गावी पैसे पाठवतो. हे मी डोळ्यांनी पाहतो आहे.

पण यंत्रणा जितकी मोठी, तितका तिचा एकेक नाका महत्त्वाचा. मानकोलीला एक ट्रक आडवा झाला की गोदामांकडे जाणारी, नाशिककडे जाणारी, ठाण्याकडे येणारी, सगळीच वाहने खोळंबतात. ट्रकमध्ये काय भरले आहे याच्याशी त्या खोळंब्याला देणेघेणे नसते. मोबाईलवरची निरनिराळ्या नावांची ॲप ही अशीच वेगवेगळ्या रंगांची वाहने आहेत. एक चालेना म्हणून आपण दुसरे उघडतो. पण नाका एकच असतो.

बिघाड दर वेळी नाक्यावरच होतो असेही नाही. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा त्या बँकेच्या आधाराने चालणारी फोनपेची सेवा जवळजवळ दिवसभर बंद पडली. फोनपे वापरणाऱ्या कित्येकांचे येस बँकेत खातेही नव्हते. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. लहान बँकांचे तांत्रिक काम ही कंपनी पाहते. रोग पसरू नये म्हणून तिला मुख्य यंत्रणेपासून तोडावे लागले, आणि सुमारे ३०० लहान बँकांचे, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँकांचे ग्राहक दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून पडले. आणि १२ ऑक्टोबर २०२०? त्या सकाळी मुंबई-ठाण्याची वीज गेली. दोष निघाला अतिउच्चदाबाच्या वाहिन्यांत, आणि त्यांत आपल्याच तालुक्यातल्या पडघ्याहून कळव्याला जाणाऱ्या वाहिन्या होत्या. वीज, तार, बँक, ॲप, नाका : यांतला कोणताही एक दुवा तुटला की पेटी मुकी होते.

* * *

भिवंडीबाहेरच्या वाचकांना एक शब्द समजावून सांगायला हवा. महाराष्ट्रात इतरत्र भिशी म्हटले की दरमहा वर्गणी काढून चिठ्ठी उचलणारे मंडळ डोळ्यांसमोर येते. भिवंडीत भिसी म्हणजे यंत्रमाग कामगारांची खाणावळ. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला कामगार दोन वेळा तिथे जेवतो आणि पगार झाला की हिशेब चुकता करतो. मजुरी विणलेल्या कापडावर आणि हाती येते ती बहुधा पंधरवड्याने. मधले दिवस उधारीचे. भिसीत उधारी, वाण्याकडे उधारी, पानवाल्याकडेसुद्धा उधारी. मालकाचेही तेच. सूत उधार, विणलेला तागा उधारीवर विकलेला. या गावाचे ताणे-बाणे सुताइतकेच उधारीचे आहेत असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या उधारीला दोन बाजू होत्या. उधारीच्या वहीत आपले पान असणे म्हणजे अडल्या वेळी पोटाला मिळेल याची हमी. पण त्याच पानाने माणूस बांधला जाई. दुकानदार लावील तो भाव, तोलेल ते माप. "पहिलं चुकतं कर, मग बोल," हे चार माणसांत ऐकून घ्यावे लागे. मोबाईलने कामगाराला या पानातून सोडवले. तो हव्या त्या दुकानात जातो, पैसे देतो, पेटी त्याची ग्वाही देते, आणि कोणाचे मिंधे न होता तो बाहेर पडतो. ही लहान गोष्ट नाही.

मात्र पान गेले तसे नावही गेले. तो तरुण दर आठवड्याला त्याच दुकानात खरेदी करीत असेल. दोन वर्षांत शंभर वेळा त्याने चोख पैसे दिले असतील. दुकानदाराच्या मोबाईलमध्ये त्या सगळ्याची नोंद असेल. पण दुकानदाराला तो माणूस ठाऊक नाही. पैसे चेहऱ्याकडून येत नाहीत, पेटीकडून येतात. म्हणून पेटी मुकी झाली त्या क्षणी तो पहिल्यांदाच दुकानात आलेल्या माणसासारखा परका झाला; आणि मी, तीस वर्षांपूर्वीच्या एका सहीच्या जोरावर, ११४० रुपयांचा माल घेऊन चालता झालो.

दुकानदाराला दोष देणे सोपे आहे. पण त्याचीही बाजू आहे. पैसे पाठवल्याचे खोटे चित्र दाखवून माल नेणारे भामटे आज गावोगाव आहेत. हुबेहूब हिरवी खूण दाखवणारी बनावट ॲप आहेत. त्यामुळे "पेटी बोलल्याशिवाय माल हातातून सोडायचा नाही" हा धडा दुकानदारांनी ठेचा खाऊनच घेतला आहे. त्यालाही घाऊक व्यापाऱ्याची बिले भरायची असतात.

रोख रकमेच्या दिवसांत सगळे आलबेल होते असाही माझा दावा नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा भिवंडीतल्या कामगारांची मजुरी रोखीने होत होती. बदली नोटा हाती पडेनात, मजुरी थकली, अनेक कारखान्यांतले माग थांबले, माणसे गावाकडे निघाली. रोख पैसाही मुका होऊ शकतो, हे या गावाने तेव्हा पाहिले आहे. मुद्दा रोख की मोबाईल हा नाही. एक वाट बंद झाली तर दुसरी कोणती, आणि ती कोणाकोणासाठी उघडी आहे, हा आहे.

* * *

बँकेत आम्हांला ही दुसरी वाट घालून दिलेली असे. शाखेत संगणक आले त्या सुरुवातीच्या काळात रोज संध्याकाळी काम संपले की सर्व खात्यांच्या शिलकीची यादी छापून कपाटात ठेवायचा नियम होता. कागदाचा केवढा नाश, म्हणून आम्ही तरुण अधिकारी कुरकुरत असू. २६ जुलै २००५ च्या पावसाने त्या यादीची किंमत कळली. कामवारीचे पाणी गावात शिरले, वीज गेली, संगणक बंद. शाखा उघडता आली तेव्हा आम्ही मेणबत्तीच्या उजेडात त्या छापील यादीवरून शिल्लक पाहून, ठरावीक रकमेपर्यंत, दोन अधिकाऱ्यांच्या सह्यांनी लोकांना पैसे दिले. ज्यांची घरे धुऊन निघाली होती, त्यांच्या हाती त्या दिवशी भांडी-कपडे घेण्यापुरते पैसे पडले. यंत्र बंद पडणार हे गृहीत धरूनच कोणीतरी तो नियम केला होता.

पण त्याच बँकेतली दुसरी एक गोष्ट आठवते, आणि तिचा मला अभिमान नाही. त्या काळी खाते उघडायचे तर 'ओळख' लागे. म्हणजे बँकेत ज्याचे आधीपासून खाते आहे अशा माणसाने अर्जावर सही करायची की, या गृहस्थांना मी ओळखतो. मी खिडकीवर बसत असताना कितीतरी माग कामगार अर्ज घेऊन येत. मी विचारी, "ओळख कोणाची आहे?" ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. ज्यांना ते ओळखत त्यांचीही खाती नसत. मग मी तो कागद परत करी. अगदी सभ्यपणे. नियम तसा होता. त्या परत केलेल्या कागदांची गणती मी कधी ठेवली नाही.

पुढे हा नियम सैल झाला, आधार आले, आणि २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या जनधन योजनेने कोट्यवधी माणसांना ओळखपाळख न विचारता खाते दिले. ज्याला मी खिडकीवरून परत पाठवला, त्याच्या मुलाच्या खिशात आज बँक आहे. यंत्राने केलेले हे काम माणसांनी केले नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे.

* * *

हा प्रश्न काही आपल्या एकट्याचा नाही. १९७० साली आयर्लंडमध्ये बँक कर्मचारी आणि बँका यांच्या वादात १ मे ते १७ नोव्हेंबर, म्हणजे सहा महिन्यांहून अधिक काळ, देशातल्या प्रमुख बँका बंद राहिल्या. देश बुडाला का? नाही. लोक एकमेकांना धनादेश लिहून देत राहिले. ते वटतील केव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हते. तरी ते हातोहात फिरले. कारण गावातला दुकानदार आणि मद्यगृहाचा मालक गिऱ्हाइकाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होता. कोणाचा कागद घ्यायचा, हे त्याला बँकेच्या व्यवस्थापकापेक्षा चांगले कळत होते. आपल्याकडच्या हुंडीचे सारे रहस्यही हेच.

आता याच्या उलट चित्र पाहा. १ जून २०१८ रोजी, शुक्रवारी, युरोपात व्हिसा कार्डांची यंत्रणा कोलमडली. एका केंद्रातले एक उपकरण बिघडले, पण अर्धवट बिघडले. आणि अर्धवट बिघडल्यामुळेच पर्यायी केंद्राने वेळेवर काम हाती घेतले नाही. ५२ लाखांच्या आसपास व्यवहार फसले. कार्डाखेरीज काहीच जवळ न बाळगणारी माणसे दुकानांतून रिकाम्या हाताने परत गेली. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली, तेव्हा ज्यांच्या खिशात नोटा होत्या त्यांनाच पाणी आणि पाव मिळाला. स्वीडन हा तर रोख पैसा जवळपास विसरलेला देश. तिथल्या सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये घरोघर पाठवलेल्या आपत्तीच्या पुस्तिकेत किमान आठवडाभर पुरेल इतकी रोकड, तीही वेगवेगळ्या किमतींच्या नोटांत, घरी ठेवा असे सांगितले. पुढे गेलेले लोकही मागे वळून पाहताहेत.

* * *

मग आपण काय करावे? बँकेतला माणूस म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो.

घरात तीन-चार दिवसांच्या औषध-दूध-भाजीपुरती रोकड ठेवावी, आणि ती दहा, वीस, पन्नास, शंभराच्या नोटांत. पाचशेची एकच नोट अडचणीच्या दिवशी मोडत नाही. जोडून सुट्ट्या येणार असतील तर आधीच काढावी. पाकिटात एक कार्ड असू द्यावे, शक्यतो दुसऱ्या बँकेचे. कार्डाचा रस्ता यूपीआयपेक्षा वेगळा आहे. एक बंद असताना दुसरा चालू असू शकतो. यंत्राजवळ नुसते नेऊन चालणाऱ्या कार्डाला १ जानेवारी २०२१ पासून ५ हजार रुपयांपर्यंत गुप्त अंकही लागत नाही. म्हणून ते जपूनही ठेवावे. मोबाईलमध्ये यूपीआय लाइट सुरू करून घ्यावे. त्यात ५ हजारांपर्यंत रक्कम बाजूला ठेवता येते, आणि एका वेळी १ हजारापर्यंत देताना दर वेळी बँकेच्या मुख्य संगणकाचे दार ठोठवावे लागत नाही. आपल्या बँकेचा संगणक झोपला असेल तेव्हा याचा उपयोग होतो. नाकाच बंद असेल तेव्हा मात्र नाही.

पैसे अडकले तर पुन्हापुन्हा पाठवू नयेत. 'झालं का?' विचारणाऱ्यांच्या गर्दीत आपणही भर घालतो, आणि दोनदा पैसे गेले तर मनस्ताप दुप्पट. व्यवहाराचा क्रमांक टिपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे खात्यातून वजा झालेले पण समोरच्याला न मिळालेले पैसे आपोआप परत यायला हवेत : एका माणसाने दुसऱ्याला पाठवले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला दिले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे रोजचे १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, फुकट. माझे ११४० रुपये मंगळवारी परत आले. आणि एक : "तुमचे अडकलेले पैसे परत देतो, गुप्त अंक सांगा," असा फोन आला तर तो चोराचाच समजावा. पैसे परत घेण्यासाठी गुप्त अंक कधीही लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

हे झाले आपल्यासारख्यांचे. पण दोन कार्डे, दोन बँका आणि कपाटात चार दिवसांची रोकड हे ज्याच्याजवळ मुळात काही आहे त्याला सांगायचे शहाणपण आहे. पंधरवड्याच्या तेराव्या दिवशी माग कामगाराला हे सांगणे म्हणजे थट्टा होईल. त्याच्यासाठी व्यवस्थेनेच काही करायला हवे.

पहिली गोष्ट, खरे बोलावे. १२ एप्रिलला दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांकडे संशयाने पाहत होते, कारण बिघाड देशभर आहे हे त्या काउंटरवर कोणालाच ठाऊक नव्हते. शंभर रुपये मिळाले म्हणून ओरडणाऱ्या पेटीला "सेवा मंद आहे, थोडा वेळ थांबा" एवढे वाक्य बोलायला शिकवणे अवघड नसावे. तेवढ्याने त्या तरुणावरचा खोटेपणाचा आरोप तरी टळला असता.

दुसरी, सुट्ट्यांच्या दिवसांत एटीएममध्ये नोटा असाव्यात, आणि लहान नोटाही असाव्यात.

तिसरी, पैशाचा विचार. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. लहान दुकानदाराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु फुकट मिळणारी वाट कोणीतरी दुरुस्त करीत असतेच. २०२४-२५ सालच्या लहान दुकानदारांकडील व्यवहारांसाठी केंद्र सरकारने सुमारे १५०० कोटी रुपयांचे प्रोत्साहन मंजूर केले. अशा पैशातून निव्वळ व्यवहारांची संख्या न वाढवता पर्यायी वाटा बांधल्या जातात की नाही, हे आपण करदात्यांनी विचारत राहिले पाहिजे.

* * *

त्या दिवशी संध्याकाळी मी घरातल्या डब्यांतून, कपाटातून नोटा गोळा केल्या आणि दुकानात गेलो. पेटी पुन्हा बोलू लागली होती. मी ११४० रुपये मोजून दिले. त्याने गल्ल्याखालून एक साधी वही काढली आणि माझ्या नावावर काट मारली. मी ती वही मागून घेतली. दुपारपर्यंतच्या गोंधळात त्याने सात जणांना उधार औषध दिले होते. सातही नावे माझ्या ओळखीची होती. एक वकील, एक निवृत्त मुख्याध्यापिका, दोन कारखानदार, अशी.

"तो मुलगा आला होता का पुन्हा?" मी विचारले.

"कुठला? हां, तो. आला होता तीनच्या सुमाराला. पैसे पडले, औषध घेऊन गेला."

"शंभर रुपयांचं तर होतं."

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "काका, खरं सांगा. तुम्ही बँकेत होता तेव्हा ओळखीशिवाय खातं उघडलंत कधी?"

मी उत्तर दिले नाही. त्यालाही ते नको होते. पण घरी परत येताना मला कळले की सकाळी त्या मुलाला काय हवे होते. पैसे त्याच्याजवळ होते. ते त्याच्या खात्यातून गेलेसुद्धा होते. त्याला फक्त ओळख देणारा एक माणूस हवा होता. "याचं माझ्या नावावर लिहा," एवढे चार शब्द. ते बोलू शकणारा माणूस त्याच्या पुढेच उभा होता, आणि तो आपली पिशवी घेऊन पायरी उतरला.

यंत्र दुरुस्त करणे तुमच्या-माझ्या हातात नाही. ते पुन्हा बंद पडेल. केव्हा ते कोणी सांगू शकत नाही. त्या वेळी आपण रांगेत उभे असू, तर आपल्या मागे कोण उभे आहे ते वळून पाहावे. दुकानदाराला वहीत आणखी एक नाव लिहायला सांगावे, आणि खाली आपली सही करावी. त्या वहीतले आठवे नाव अजून लिहायचे राहिले आहे.